'राजीनामा झाला' म्हणजे नेमकं काय झालं?

अर्धविराम:

लोकहो, परवापासून एका शब्दाने डोकं खाल्लंय म्हणून हा धागा काढते आहे.

मी हिंदीतून मराठीत कागदपत्रांची भाषांतरं करते. बारा वर्षं झाली, त्यामुळे हात बराचसा आपोआप चालतो, आणि तिथेच घात होतो. एका जुन्या दाव्याच्या कागदांत वाक्य होतं, 'दोनों पक्षों में राजीनामा हो गया.' संध्याकाळ झालेली, शेवटची चार पानं उरलेली. मी लिहून मोकळी झाले, 'दोन्ही पक्षांनी राजीनामा दिला.' कुणी, कशाचा, हे स्वतःला विचारायचंही सुचलं नाही. भांडण होतं दोन सख्ख्या भावांचं, विहिरीच्या पाण्यावरून. तपासणाऱ्या सहकाऱ्याने त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'भाऊपणाचा का?'

हसलो सगळे, मीही हसले. पण नंतर त्याने जे सुरू केलं ते मला पटलं नाही आणि खोडताही आलं नाही. त्याचं म्हणणं असं की 'राजी' म्हणजे संमत आणि 'नामा' म्हणजे लेख, तेव्हा राजीनामा म्हणजे संमतीचा लेख, तडजोड. हाच खरा अर्थ. मराठी माणसांनी तो उलटा करून ठेवला. मग त्याने यादीच काढली. 'शिक्षा' म्हणजे विद्या, तुम्ही तिचा मार केलात. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, तुम्ही तिची टवाळी केलीत. 'तुमच्याकडे शब्द पाठवायचा म्हणजे तो धड परत येईल याची खात्री नाही,' असंही वर.

तर दोन प्रश्न. एक, हे अर्थ असे कसे फिरले? आणि दुसरा मला जास्त टोचणारा: शब्दाचा मूळ अर्थ सापडला की तोच खरा आणि आपला चुकीचा, असं असतं का?

जुनी दौत:

अर्धविरामताई, समासातल्या शेऱ्याबद्दल तुमच्या सहकाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. पुढच्या व्याख्यानाबद्दल मात्र कापावे लागतील.

राजीनाम्याची आणि माझी ओळख जुनी आहे. जमिनीच्या नोंदींच्या कामात मी एकतीस वर्षं काढली. मुंबई इलाख्याच्या काळातल्या कागदांत 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडी भेटते. ज्याच्या नावावर सरकारदरबारी जमीन आहे त्याला ती सोडायची असली की तो लिहून द्यायचा, मी राजीखुशीने ही जमीन सोडतो. हा राजीनामा. जो ती घ्यायला तयार असेल तो लिहून द्यायचा, मला कबूल आहे, शेतसारा मी भरीन. ही कबुलायत. दोन्ही कागद एकमेकांना टाचलेले मी स्वतः उलगडले आहेत. टाचणी गंजून कागदाला तांबडं भोक पडलेलं असायचं.

आता बघा, कागदाचं नाव राजी असण्यावरून पडलं, पण त्या कागदाने घडायचं काय? सोडणं. नोंद करणाऱ्या कारकुनाला त्यात 'राजी' दिसतच नसणार, 'सोडलं' एवढंच दिसणार. जमीन सोडायचा कागद राजीनामा, तर चाकरी सोडायचा कागदही राजीनामाच. आपला अर्थ या वाटेने आला असं माझं मत आहे. तिकडे उत्तरेत तोच शब्द तंटा मिटवण्याच्या टेबलावर बसला. दोघे म्हणाले आम्ही राजी, लिहून दिलं, तडजोड झाली. कागद तोच, टेबलं वेगळी. उलटसुलट काही झालेलं नाही. दोन्हीकडे लोक 'राजी' विसरले आणि कागदाने होणारं काम तेवढं लक्षात राहिलं.

'शिक्षा' तर याहून सोपी. संस्कृतात 'शिक्ष्' हा धातू 'शक्' वरून आला, म्हणजे 'आपल्याला जमावं' ही इच्छा. त्यावरून शिकणं, शिकवणं, आणि वेदांगांतली उच्चारशास्त्राची 'शिक्षा'. मग मार कुठून आला? आपण आजही म्हणतोच ना, 'चांगला धडा शिकवीन तुला'? यातला धडा कुठल्या पुस्तकातला असतो? आणि हे एकट्या शिक्षेचं नाही. 'शास्' म्हणजे शिकवणं, आज्ञा करणं. त्याच्यापासून शिष्य आला, शास्त्र आलं, शासन आलं आणि थकबाकीवर बसते ती शास्तीही आली. शिष्य आणि शास्ती एका घरातले. तुमच्या सहकाऱ्याला सांगा, 'अनुशासन' आणि 'शासन करणे' हे हिंदीतसुद्धा शिकवण्यापासून फार लांब गेलेले नाहीत. शिकवणारा आणि दंड करणारा हे दोघे आपल्या सगळ्याच भाषांत शेजारी राहतात.

'चेष्टा' मला विशेष आवडते, कारण तिची मधली पायरी आपल्याकडे शाबूत आहे. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, वागणं. गीतेतलं 'युक्तचेष्टस्य कर्मसु' आठवा. हिंदीने आणि बंगालीने त्यातली 'हातपाय हलवणे' ही बाजू उचलली, तिचा प्रयत्न झाला. मराठीने हावभाव उचलले. 'माकडचेष्टा' या शब्दात अजून टवाळी नाही, नुसत्या उड्या आणि वेडावणं आहे. वेडावून दाखवणं हीच पुढे चेष्टा झाली.

आणि आता त्यांना एक विचाराच. 'हरकत' म्हणजे काय? अरबीत हालचाल. अरबी लिपीतल्या स्वरांच्या खुणांनाही तेच नाव, कारण त्या व्यंजनाला हलवतात. हिंदीत हरकत म्हणजे वाईट वागणूक, 'ओछी हरकत'. मराठीत अडथळा, आक्षेप, म्हणून आपण 'काही हरकत नाही' म्हणतो. आणि गवई मात्र गळ्यातून हरकत घेतो ती मूळ अर्थाचीच, स्वराची झटकन झालेली हालचाल. म्हणजे चेष्टा आणि हरकत दोन्ही मुळात 'हालचाल', एक संस्कृत, एक अरबी. चेष्टेच्या बाबतीत आम्ही बिघडवलं म्हणायचं, तर हरकतीच्या बाबतीत त्यांनी काय केलं?

खोडरबर:

दौतकाका, जोरदार. मला आपलं एवढंच माहीत होतं की 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. हे तरी खरं ना? मोबाइलवर वर्षातून चारदा येतं. सोबत 'न्यूज' म्हणजे चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, हेही येतं.

जुनी दौत:

न्यूजचं सोडून द्या. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन, नव्या गोष्टी. दिशांचा संबंध नाही.

अतिथीची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. यास्क या प्राचीन पंडिताने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात या शब्दाचा माग काढलाय. तो आधी 'अत्' म्हणजे फिरणं, जाणं हा धातू देतो: घरोघर जातो तो अतिथी. मग दुसरा पर्याय म्हणून सांगतो, तिथींना दुसऱ्यांच्या घरी येतो तो. नीट वाचा. तिथींना येतो! फॉरवर्डच्या बरोब्बर उलट. मनुस्मृती तिसरंच सांगते: तो कायम राहत नाही, एक रात्र राहतो, म्हणून अतिथी. तीन शहाणे, तीन कारणं, आणि शब्द मात्र त्या सगळ्यांच्या आधीपासून ऋग्वेदात बसलेला. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, पाहुण्याला 'अस्ति' म्हणतात, तो याचाच भाऊ, आणि त्याच्यात 'अ' अधिक 'तिथी' अशी फोड करायला जागाच नाही. तेव्हा फिरणारा, वाटसरू, हाच अर्थ धरून चालावं.

पण अशा चुकीच्या फोडीला नुसतं हसू नका. ती कधीकधी खरी होऊन बसते. 'विधवा' घ्या. लॅटिनमध्ये 'विदुआ', इंग्रजीत 'विडो', सगळे एकाच फार जुन्या शब्दाचे वंशज. त्यात 'वि' हा उपसर्ग नाही. पण आपल्याकडे कानाला तो उपसर्ग वाटला: वि-धवा, जिला धव नाही ती. मग धव म्हणजे नवरा असणार! असा नवरा शब्दकोशात आला, आणि त्याच्या जोरावर 'सधवा'ही आली. 'असुर'चंही तेच. ऋग्वेदात वरुणालासुद्धा असुर म्हटलंय, बलवान या अर्थी. इराणी शाखेतला 'अहुर' तोच. पुढे असुर वाईट ठरले, त्यातला 'अ' नकाराचा वाटला, आणि तो काढून टाकल्यावर उरला 'सुर', म्हणजे देव. बायकोच्या पोटी नवरा आणि राक्षसाच्या पोटी देव, हे व्याकरणातच जमतं.

टिंब:

मी भाषाशास्त्र शिकते आहे. दौतकाकांच्या प्रतिसादात एक भर घालते, कारण 'हे अर्थ कसे फिरले'च्या आधी 'हे शब्द एकच आहेत कशावरून' हा प्रश्न येतो. नुसतं सारखं दिसणं पुरत नाही. ध्वनी बदलतात ते रांगेने बदलतात, एकट्यादुकट्याने नाही.

माझं लाडकं उदाहरण. संस्कृत 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. मराठीत त्याचा 'गोठा' झाला. हे मी कशावरून म्हणते? कोष्ठचा कोठा झाला, ओष्ठचा ओठ, अंगुष्ठचा अंगठा, पृष्ठची पाठ. सगळीकडे 'ष्ठ' गेला आणि 'ठ' उरला. गोठा त्या रांगेत चपखल बसतो.

आता त्याच गोष्ठापासून संस्कृतात 'गोष्ठी' झाली. गुरं जमतात तिथे माणसंही जमत असणार, त्यामुळे गोष्ठी म्हणजे माणसांचा मेळावा, मग त्या मेळाव्यातल्या गप्पा. तीच मराठीत 'गोष्ट' झाली: आधी बोलणं, मग सांगितलेली कथा, मग कुठलीही बाब. 'एक गोष्ट लक्षात ठेव' म्हणताना त्यात ना कथा उरली, ना मेळावा, ना गाय. पण गोष्टीत 'ष्ट' अजून दिसतोय, तो 'ठ' झाला नाही. म्हणजे गोठा आणि गोष्ट एकाच घरचे असले तरी वेगवेगळ्या दारांनी आले. गोठा बोलणाऱ्यांच्या तोंडून झिजत आला, गोष्ट शिकलेल्यांच्या हातून नंतर, संस्कृतातून जवळपास तशीच उचलून.

शब्दाची नुसती मुळं पाहायची असतील तर कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश (१९४६) आणि टर्नरचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश उघडा. फारसी-अरबी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा फार्सी-मराठी कोश (१९२५). आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मराठीत शब्द कुठल्या अर्थाने चालत होता ते बघायचं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती. मी तरी आधी मोल्सवर्थच उघडते. मुळापेक्षा मधला मुक्काम कळला की अर्धं कोडं सुटतं.

खोडरबर:

टिंब, मग 'दप्तर'? हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी, आणि माझी मुलगी ते पाठीला लावून शाळेत जाते.

टिंब:

अरे वा, हा तर फार लांबून आलाय. ग्रीकमध्ये 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत. तो शब्द पूर्वेकडे येत येत फारसीत 'दफ्तर' झाला, म्हणजे लिहिलेल्या नोंदी, वही. उत्तरेत नोंदी ठेवायच्या जागेला ते नाव मिळालं. मराठीत नोंदींच्या बांधलेल्या गठ्ठ्याला दप्तर म्हणत, आणि वह्यापुस्तकं एकत्र बांधून नेणाऱ्या पोराचं ओझंही दप्तरच झालं. आणि घटसर्पाला डॉक्टर 'डिफ्थेरिया' म्हणतात, तो त्याच ग्रीक कातड्यावरून. त्या आजारात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. दप्तर आणि घटसर्प चुलत भावंडं आहेत, हे तुमच्या मुलीला सांगू नका, शाळेत न जायला निमित्त मिळेल.

सरळरेघ:

सगळं वाचलं. मजा आली. पण अर्धविराम यांच्या दुसऱ्या प्रश्नाला बगल दिली जाते आहे. मूळ अर्थ बांधील नाही म्हणता, ठीक. मग उद्या कुणीही कुठलाही शब्द कसाही वापरावा आणि 'अर्थ बदलतात हो' म्हणावं? मी मुद्रितं तपासतो. माझ्या हातातली पेन्सिल मग ठेवून देऊ का?

जुनी दौत:

पेन्सिल ठेवू नका. मीही ठेवलेली नाही. दोन शब्द सांगतो, एक माझ्या बाजूचा आणि एक तुमच्या.

'साहस'. 'सहस्' म्हणजे बळ, जोर. जुन्या धर्मशास्त्रांत साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा, दांडगाई. मनुस्मृतीत दंडाच्या पायऱ्याच त्या नावाने आहेत: पहिलं साहस २५० पण (पण हे तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. म्हणजे एखाद्याला 'उत्तम साहस' झालं तर तो सर्वांत मोठा दंड भरून घरी आला असं समजायचं. आज शाळेत साहसाबद्दल पदक देतात. यात कुणी चूक दुरुस्त करायला जाईल का? 'साहसी मुलगा' खोडून समासात 'दरोडेखोर?' लिहाल का?

आता तुमच्या बाजूचा. 'अपरोक्ष'. 'परोक्ष' म्हणजे नजरेआड. त्याला नकाराचा 'अ' लावला की अपरोक्ष म्हणजे नजरेसमोर, प्रत्यक्ष. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणजे थेट अनुभवाचं ज्ञान. आणि आज दहातली बरीच मंडळी म्हणतात, 'माझ्या अपरोक्ष त्याने माझी निंदा केली', म्हणजे माझ्या पाठीमागे. साफ उलटा अर्थ. मी हे अजून खोडतो. रागाने खोडतो. परोक्ष लिहितो. पण मला हेही दिसतंय की ज्याच्यासाठी खोडतो तो वाचणारा 'अपरोक्ष' वाचूनच बरोबर समजला असता, आणि 'परोक्ष' वाचून क्षणभर अडखळणार आहे. बहुधा मी हरणार. तरी आज, मी तपासत असलेल्या पानावर, काही वाचक जुना अर्थ धरून आहेत आणि काही नवा. दोघांचा गोंधळ होऊ नये एवढ्यासाठी खोडतो. मूळ अर्थाची शपथ घातली म्हणून नाही.

अर्धविरामताई, तुमचा 'राजीनामा' मात्र चुकीचाच होता बरं का. मराठी अर्थ चुकीचा म्हणून नव्हे. वाक्य हिंदी होतं, भाऊ हिंदीत भांडले होते, आणि तुम्ही त्यांना मराठी अर्थ दिलात म्हणून.

सरळरेघ:

'अपरोक्ष' मान्य. तिथे आपण एकाच बाजूला आहोत हे बघून बरं वाटलं. मी तर आता तो शब्दच टाळतो, 'माझ्या पाठीमागे' लिहितो. भांडण संपतं.

खोडरबर:

एक 'गरीब' पण घ्या ना. अरबीत म्हणे परका, अनोळखी माणूस?

जुनी दौत:

हो. परक्या मुलखात आलेला, ओळखपाळख नसलेला. असा माणूस बहुतेक कफल्लक असतो आणि आवाज चढवत नाही. पहिल्यावरून पैसे नसणारा गरीब झाला, दुसऱ्यावरून आपला 'स्वभावाने गरीब' आणि 'गरीब गाय'. हिंदीच्या 'अजीबोगरीब'मध्ये मूळचा परकेपणा अजून आहे. त्याला कुणी पैसे द्यायला जात नाही.

अर्धविराम:

सगळ्यांचे आभार. आज सकाळी त्या ओळीवर 'दोन्ही पक्षांत आपसांत तडजोड झाली व तसा लेख करून देण्यात आला' असं लिहिलं. लेखाचा उल्लेख मुद्दाम ठेवला, कारण दौतकाकांचं वाचल्यावर कळलं की 'नामा' म्हणजे तिथे खरोखरचा कागद आहे, नुसता समेट नाही. मूळ पानावर खाली पाहिलं तर दोघा भावांचे अंगठे होतेच. आधी पाहिलेच नव्हते.

सहकाऱ्याला 'हरकत'चा प्रश्न टाकला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'ही काय हरकत झाली?' मी हे उत्तर म्हणून धरलंय.

आता पुढची चार पानं. पहिल्याच ओळीत 'नियमों में संशोधन' आहे आणि माझं बोट 'नियमांवर संशोधन' टाइप करायला निघालं होतं. मधेच थांबवलं. 'दुरुस्ती' लिहिलंय. संशोधनाचं काय झालं ते कुणी सांगेल का?

टिंब:

'शुध्' म्हणजे स्वच्छ करणं. त्यांनी नियम स्वच्छ केला, म्हणजे दुरुस्त केला. आपण धान्य निवडून खडा बाहेर काढावा तसं खरं-खोटं निवडत बसलो, म्हणून ते शोधणं. बाकी मोल्सवर्थ उघडा.